मधल्यांचे जहाज : ग्रोशियसच्या ग्रंथातील एक त्रोटक प्रकरण

ह्यूगो ग्रोशियस ह्या डच विधिज्ञाचा युद्ध व शांतता यांच्या न्यायाविषयीचा लॅटिन ग्रंथ, ‘दे यूरे बेल्ली आक पाचिस’, १६२५ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथांच्या पेटीत लपून मायदेशीच्या तुरुंगातून निसटलेला हा लेखक तेव्हा फ्रान्सच्या आश्रयाला होता. त्याचे हे पुस्तक लवकरच रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत गेले. ती सूची १९६६ साली रद्द झाली. तेव्हा वाचकांनी निर्धास्त असावे! ग्रंथाची थोरवी सर्वमान्य आहे. मला येथे एकच प्रश्न विचारावयाचा आहे : दोघांच्या युद्धात सापडलेल्या तिसऱ्याच्या व्यापारी जहाजाला हा ग्रंथ कोणता न्याय देतो?

तिसऱ्या खंडातील सतरावे प्रकरण ह्या तिसऱ्यांविषयी आहे. आपण त्यांना तटस्थ म्हणतो. ग्रोशियस त्यांना ‘मेदी’, म्हणजे मधले, असे म्हणतो आणि तोच शब्द मला अधिक खरा वाटतो. तटस्थ तटावर उभा असतो. मधला दोघांच्या तोफांच्या माऱ्यात. मात्र हे प्रकरण फारच त्रोटक आहे आणि त्यातील उदाहरणे मुख्यतः सैन्याच्या वाटेवरील शेतामळ्यांची आहेत. छावणीतील फळांनी लगडलेले झाड सैन्य हलल्यावर जसेच्या तसे आढळले, ही रोमन शिस्तीची कथा सुंदर आहे खरी. परंतु जहाज म्हणजे झाड नव्हे. त्याच्या पोटात कोणाचा माल आहे, हे बाहेरून दिसत नाही.

जहाजांचा खरा विचार त्याच खंडाच्या पहिल्या प्रकरणात, एका परिच्छेदात आला आहे. शत्रूकडे जाणाऱ्या मालाचे तेथे तीन वर्ग केले आहेत : केवळ युद्धोपयोगी, केवळ चैनीचा आणि दोन्हीकडे चालणारा, जसे पैसा, अन्नसामग्री, जहाजे. हा तिसरा वर्गच वादाचा. तो माल अडविल्याखेरीज स्वसंरक्षण अशक्य असेल तर तो अडवावा, पण अन्य कारण नसल्यास परतफेडीचे बंधन राहते, असा ग्रोशियसचा निर्णय आहे. हा परिच्छेद मला ग्रंथातील उत्तम भागांपैकी एक वाटतो. परतफेड हा शब्द पापनिवेदनाला जाणाऱ्या प्रत्येक कॅथलिकाच्या ओळखीचा आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी परतफेडीचा विचार न्याय ह्या सद्‌गुणाखालीच केला आहे. प्रोटेस्टंट ग्रोशियसने ते धन निःसंकोचपणे वापरले.

उणीव आहे ती दुसरीकडे. गरज होती की नव्हती, हे ठरविणार कोण? व्यवहारात पकडणाराच! आपल्या किनाऱ्यावरील एक उदाहरण पाहावे. १६१२ साली सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना मागे रेटले आणि सुरतेच्या व्यापारात पाय रोवला. मोगल ह्या भांडणात मधले होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगीजांनी जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे भव्य जहाज पकडून गोव्याला नेले. त्या जहाजाजवळ खुद्द पोर्तुगीजांनीच दिलेला ‘कार्ताझ’ हा परवाना होता. जहांगीरने दमणला वेढा घातला आणि आग्र्याचे येशूसंघीयांचे चर्च बंद केले. ज्यांचा ह्या चाचेगिरीशी काही संबंध नव्हता, त्या धर्मगुरूंना व त्यांच्या लहानशा ख्रिस्ती समाजाला तिची किंमत मोजावी लागली. संत फ्रान्सिस झेवियर यांचे नातलग फादर जेरोम झेवियर यांना तहासाठी खटपट करावी लागली. सतराव्या प्रकरणात अशा माणसांना जागा नाही.

त्या प्रकरणात आणखी एक मागणी आहे. ज्याची बाजू अन्यायाची, त्याला बळ मिळेल असे काही मधल्यांनी करू नये; संशय असेल तरच दोघांना सारखे वागवावे. पुढील काळाच्या विधिज्ञांना हे जुनाट वाटले. मला ते टाकाऊ वाटत नाही. न्यायान्यायाकडे पाठ फिरवून नफा मोजणारा व्यापारी निर्दोष कसा ठरेल? परंतु ही मागणी राजांना करावी. बंदरात माल भरणाऱ्या नाखव्याने तिचा निवाडा कसा करावा? स्वतः लेखकालाही ते सोपे गेले नाही. ‘रहीमी’ पकडले गेले त्याच १६१३ साली तो लंडनमध्ये मसाल्याच्या बेटांवरील डच मक्तेदारीची बाजू मांडत होता आणि इंग्रज त्याच्यासमोर ‘मारे लिबेरुम’ ह्या १६०९ च्या निनावी पुस्तिकेतील समुद्रस्वातंत्र्याचे युक्तिवाद ठेवीत होते. ती पुस्तिका त्यानेच लिहिली होती.