पोलादाचा झोळ

दिवाळीतल्या किल्ल्यावर कोणी टीकालेख लिहिल्याचे ऐकिवात नाही. दगडविटा रचून, त्यांवर पोते अंथरून, चिखल थापून मुले किल्ला उभा करतात आणि हळीव पेरून त्यावर हिरवळ आणतात. पहाऱ्यावरचा मावळा महाद्वारापेक्षा उंच असतो आणि पायथ्याचा वाघ तोफेला भारी पडेल एवढा असतो. तरीही किल्ला खोटा वाटत नाही. मापाचे काही खरे नसताना त्यात जीव असतो.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एक छंद आहे. त्यात सोव्हिएत रणगाड्यांच्या प्रतिकृती प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडावयाच्या असतात, आणि त्यांचे पट्टेसुद्धा एकेक कडी सुटी घेऊन ओवावयाचे असतात. इथे माप हेच दैवत. तेव्हा प्रश्न असा पडतो, की माप सांभाळले म्हणजे जीव येतो काय?

आधी त्या दैवताचीच गंमत पाहा. या प्रतिकृतींचे सर्वांत रूढ प्रमाण १:३५. ते रूढ झाले जपानच्या तामिया कंपनीमुळे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिने जर्मन पँथर रणगाड्याची मोटारीवर चालणारी प्रतिकृती काढली, आणि तिचा आकार ठरला तो आत बॅटऱ्या मावाव्यात म्हणून! ज्या प्रमाणाची पुढे शपथ घेतली जाऊ लागली, ते मुळात सोयीचे होते. केवळ मापाच्या जोरावर कलेचा दावा सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता टी-३४ घ्या. १९४० साली खार्कोव्हला त्याचे उत्पादन सुरू झाले. त्याच्या प्रत्येक पट्ट्यात साधारण ७२ कड्या, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून १४४. एकीआड एक कडीला आतून उभा दात, मधली सपाट. प्रतिकृतीत एक कडी जेमतेम पाच मिलिमीटर लांब. ती चौकटीतून कापावयाची, कानशीने घासावयाची, साच्याचे वण बुजवावयाचे, आणि हे १४४ वेळा. पेटीत पुष्कळदा रबरासारखा अखंड पट्टाही मिळतो. तो दोन मिनिटांत चढतो. मग हा खटाटोप कशासाठी?

उत्तर एका शब्दात आहे: झोळ. टी-३४ला पट्टा वर उचलून धरणाऱ्या लहान चाकांची जोडच नाही. बाजूला पाच मोठी चाके, आणि पट्ट्याचा वरचा पदर त्यांच्याच माथ्यावर टेकलेला. ओढणारे चाक मागे असल्यामुळे पुढे जाताना जमिनीवरचा पदर ताणला जातो आणि वरचा सैल राहतो. दोन चाकांच्या मधे तो आपल्याच भाराने खाली लवतो. रबरी पट्टा असा लवत नाही. तो पिशवीच्या तोंडाला लावलेल्या रबरासारखा ताठ बसतो, आणि सव्वीस टनांचे धूड क्षणात खेळणे होऊन जाते. सुट्या कड्या मात्र लवतात. तळहाताएवढ्या प्लास्टिकमध्ये पोलादाचे वजन दिसू लागते. माप तंतोतंत उतरले म्हणून हे घडले असे नाही. वस्तूचा स्वभाव कारागिराला कळला, म्हणून घडले. माझ्या मते कारागिरीची हद्द इथे संपते आणि कलेची सुरू होते.

पण सगळाच तपशील असा बोलका नसतो. आम्ही कादंबरीकारही पात्राच्या अंगरख्याची बटणे मोजत बसतो, आणि वाचक जांभई देतो. या छंदातही रिबेटी मोजणारे पुष्कळ आहेत, आणि चिखल-गंजाचे लेप चढवून नव्या रणगाड्याला शंभर वर्षांचा म्हातारा करणारेही आहेत. त्याउलट १९४२च्या टी-३४ला रबरी धावेऐवजी पोलादी धावेची चाके जो विचारपूर्वक लावतो, तो इतिहास सांगत असतो. जर्मन फौजा आत घुसल्या होत्या, खार्कोव्हचा कारखाना आदल्या वर्षीच उरलपलीकडे निझ्नी तगीलला हलवावा लागला होता, आणि रबर मिळत नव्हते. तपशिलामागे माणसांची अडचण उभी राहिली की तो शोभेचा राहत नाही.

या कलेची खरी उणीव माणसांपाशीच आहे. त्या पोलादात चार माणसे कोंबलेली असत; ७६ मिलिमीटरच्या तोफेच्या टी-३४मध्ये तर नायकालाच नेम धरावा लागे. पट्टा तुटला की याच माणसांनी तो जोडावयाचा. शिवाय रणगाडा कोणाच्या दारी गेला, यावर त्याचा अर्थ ठरतो. १९४५ साली प्रागला सोव्हिएत रणगाडे आले ते सुटका घेऊन. १९६८ साली आले ते दडपशाही घेऊन. १९९१मध्ये दाव्हिद चेर्नी या तरुण शिल्पकाराने तिथल्या स्मारकावरचा आयएस-२ रणगाडा चक्क गुलाबी रंगवला. ना कडी मोजली, ना कानस चालवली. पण एका रंगाच्या हाताने त्याने जे सांगितले, ते हजार कड्यांना सांगता आले नसते.

मग या छंदाने युद्धाला गोंडस केले, असा निकाल द्यावयाचा काय? चकचकीत, ताठ पट्ट्याच्या प्रतिकृतींबद्दल मी तो निःशंकपणे देईन. कपाटातल्या त्या रणगाड्याखाली कोणी चिरडेल असे वाटतच नाही, आणि मुलांच्या मनात युद्ध हलके होते. झोळ पडलेल्या पट्ट्याचे तसे नाही. तो पाहताना हे धूड किती जड आहे, हे डोळ्यांना कळते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात खऱ्या पट्ट्यांपुढे उभे राहिल्यावर जे जाणवते, त्याचा एक अंश तरी त्यात उतरलेला असतो.

म्हणून या सुटीत घरातले कोणी अशी पेटी उघडून बसले असेल, तर त्याला घाई करू नका. शंभरावी कडी घासताना बोटे दुखू लागतील आणि कंटाळाही येईल. पण कारखान्यात अशा कड्या लाखांनी ओतणारे आणि बर्फात त्या खांद्यावर पेलणारे हात कोणाचे होते, हा प्रश्न पडला तर त्या कंटाळ्यातच पडेल. तो पडला, की प्रतिकृती पुरी झाली असे समजावे. रंग मग सावकाश दिला तरी चालेल.