एकाच पेशीला छिद्र पाडताना

1982 साली एबरहार्ड नॉयमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींना विजेचे अगदी क्षणिक झटके दिले आणि पाण्यातला डीएनए त्या पेशींत शिरला. पेशी जगल्या, नवे जनुक कामाला लागले. विषाणूची मदत न घेता पेशीत जनुक पोचवण्याची ही पद्धत, इलेक्ट्रोपोरेशन, पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत रुळली. पण ती घोळक्याची पद्धत होती. क्युव्हेट नावाच्या छोट्या भांड्यात लाखो पेशी, दोन बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि सगळ्यांना मिळून एकच झटका. नेमकी एक पेशी गाठून तिच्याच पटलात तात्पुरती छिद्रे पाडण्याची कला त्यानंतर दीडेक दशकाने आली. या कलेने नेम उत्तम साधला आहे. एकाच पेशीवर काम करताना जे कळू शकते, ते ऐकण्याची सवय मात्र तिने अजून लावून घेतलेली नाही, आणि तीच माझी तक्रार आहे.

पेशीपटल जेमतेम पाच नॅनोमीटर जाड. त्याच्या दोन बाजूंमधला विद्युतदाब एका व्होल्टच्या आसपास गेला की मेदरेणूंची रांग विस्कटते आणि पाण्याला वाट मिळते. एक व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतो. पण एवढ्याशा जाडीवर तो दर सेंटिमीटरला वीस लाख व्होल्ट इतका पडतो. बाहेरून किती क्षेत्र लावावे लागेल हे पेशीच्या आकारावर ठरते. त्रिज्या 10 मायक्रोमीटर असेल तर सेंटिमीटरला साधारण 670 व्होल्ट पुरतात, 5 मायक्रोमीटर असेल तर दुप्पट लागतात. घोळक्याच्या पद्धतीचे दुखणे इथेच आहे. लहान पेशी उघडाव्यात इतका झटका दिला तर मोठ्या मरतात, मोठ्या वाचवाव्यात तर लहान बंदच राहतात. त्यात पाणी तापते आणि पट्ट्यांजवळ आम्लता बदलते, ते वेगळेच.

स्वीडनमध्ये योटेबोर्गला ओवे ऑर्वार यांच्या गटाने 1998 मध्ये केसाहून बारीक कार्बनतंतूंचे विद्युतअग्र पेशीच्या दोन बाजूंना अगदी जवळ आणले आणि शेजारच्या पेशींना धक्का न लावता एकच पेशी उघडली. 2001 मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे कर्ट हास, हॉलिस क्लाइन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या सूक्ष्मनळीने जिवंत टॅडपोलच्या मेंदूतल्या एकेका चेतापेशीत जनुक घातले. लंडनमध्ये मायकेल हॉयझर यांच्या गटाने हीच गोष्ट सस्तन प्राण्यांच्या जिवंत मेंदूत करून दाखवली. या कामांबद्दल मला मनापासून आदर आहे. एका चेतापेशीत बदल करायचा आणि तिच्या शेजारणींना जसेच्या तसे ठेवून फरक पाहायचा, हा प्रश्न दुसऱ्या फारच थोड्या मार्गांनी इतका स्वच्छ विचारता येतो.

चिपवरची कामे दुसऱ्या दिशेने गेली. बर्कलीत हुआंग आणि रुबिन्स्की यांनी 1999 मध्ये सिलिकॉनच्या पातळ थरातल्या सूक्ष्म भोकावर एक पेशी बसवली. आता वीज वाहायची तर पेशीतूनच. पटल उघडताच प्रवाह एकदम वाढतो आणि तो मोजता येतो. म्हणजे छिद्र पडले की नाही, हे पेशी त्याच क्षणी सांगते. या क्षेत्रातली सर्वांत मोलाची कल्पना मला हीच वाटते. बर्कलीतच मिशेल खाईन आणि सहकाऱ्यांनी नंतर चिपवर अनेक पेशी अडकवून, प्रवाहाकडे पाहत झटका कमीजास्त करण्यापर्यंत मजल मारली. त्यानंतर मात्र ओढ वेगाकडे आणि संख्येकडे वळली. 2011 मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातल्या जेम्स ली यांच्या गटाने नॅनोमीटर रुंदीच्या वाहिनीतून पेशीत ठरावीक मात्रेने रेणू ढकलले. तेही मोठे काम, पण त्यानंतर नव्या नव्या रचनांची रीघ लागली, आणि पेशी कशी उघडते व कशी मिटते हा प्रश्न मागे पडला.

त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले आहे असे समजू नये. छिद्र हा शब्द आपण सहज वापरतो, पण जिवंत पेशीत ते घडताना थेट पाहणे फार अवघड आहे. त्याचे बरेचसे चित्र संगणकावरच्या रेणूंच्या अनुकरणातून आले आहे. लहान रेणू त्यातून आत जातात, हे पटते. डीएनएचे तसे नाही. 2002 मध्ये तुलूझच्या गोल्झिओ, तेसिए आणि रोल्स यांनी एकेका पेशीकडे पाहून दाखवले की झटक्याच्या वेळी डीएनए ऋणाग्राकडच्या बाजूला पटलावर गोळा होतो आणि नंतर सावकाश आत ओढला जातो. म्हणजे भोक पाडले आणि ओतले, इतका हा मामला सरळ नाही. तरीही कितीतरी शोधनिबंधांत यश मोजले जाते ते दोनच गोष्टींवर: दुसऱ्या दिवशी किती पेशी नव्या जनुकामुळे चमकल्या आणि किती जिवंत राहिल्या. त्या झटक्याने आत काय उसवले, मिटायला किती वेळ लागला, कॅल्शियम किती शिरले, हे बहुधा तिथे नसते.

उपचारात याने काय फरक पडतो? सिकलसेलवरची कॅसगेव्ही ही जनुकसंपादनाची उपचारपद्धती 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाली. तिच्यात रुग्णाच्या रक्तमूळपेशींत क्रिस्पर हे संपादनाचे साधन पोचवले जाते ते इलेक्ट्रोपोरेशननेच. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या घरांत सिकलसेल पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यासाठी ही दूरची बातमी नाही. अमेरिकेत 2023 मध्ये जाहीर झालेली 22 लाख डॉलर ही किंमत मात्र फार दूरची आहे. या उपचारात रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे किमान 30 लाख पेशी परत द्याव्या लागतात. पन्नास किलोच्या माणसाला 15 कोटी. एकेक पेशी सेकंदाला एक या गतीने उघडत बसलो तर पावणेपाच वर्षे लागतील. त्यामुळे एकेका पेशीची पद्धत हा उपचार उद्या आपल्या हाती घेईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये.

तिचे काम निराळे आहे. मूळपेशीला नेमका किती झटका सोसतो, ती किती वेळात मिटते, कोणत्या वेळी क्रिस्पर आत गेले तर ती कमी दुखावते, हे एकेका पेशीच्या प्रवाहाच्या आलेखातून शिकता येईल आणि घोळक्याचा झटका त्याप्रमाणे बेतता येईल. मूळपेशी आधीच मोजक्या मिळतात. त्यातल्या झटक्यात गेलेल्या जितक्या कमी, तितके रुग्णाकडून पुन्हा पेशी गोळा करण्याचे दिवस कमी. संशोधनपत्रिकांच्या संपादकांनी आता प्रत्येक शोधनिबंधाबरोबर मेलेल्या पेशींच्याही प्रवाहाचे आलेख मागावेत. 1999 च्या त्या चिपपासून ते मोजणे शक्य आहे.