हरवलेली तळटीप : जनगणनेचे आकडे, संगणक आणि बौद्ध समाज

महाराष्ट्रातील अनुसूचित जातींची लोकसंख्या १९८१ च्या जनगणनेत सुमारे ४४ लाख ८० हजार होती. १९९१ मध्ये ती सुमारे ८७ लाख ५८ हजार झाली. राज्याच्या लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण ७.१४ टक्क्यांवरून ११.०९ टक्क्यांवर गेले. याच दशकात राज्याची एकूण लोकसंख्या मात्र एक-चतुर्थांशाहून थोडी अधिक वाढली. हे आकडे संगणकात भरून आलेख मागितला, की क्षणार्धात पडद्यावर रेषा उमटते. १९६१ ते १९८१ ती मंदपणे चढते आणि पुढे एकाएकी कडा चढावा तशी वर जाते. या प्रदेशाचा इतिहास ज्याला ठाऊक नाही तो अभ्यासक मग जन्मदर, स्थलांतर, वैद्यकीय सोयी अशी कारणे शोधू लागतो. त्याला ती सापडतातही. शोधणाऱ्याला कारणे बहुधा सापडतातच.

वास्तविक कारण लोकसंख्येत नसून कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली व दिली. त्यानंतर जे बौद्ध झाले ते जनगणनेच्या दृष्टीने अनुसूचित जातींच्या रकान्यातून बाहेर पडले. १९५१ मध्ये देशात बौद्धांची नोंद सुमारे १ लाख ८० हजार होती, ती १९६१ मध्ये साडेबत्तीस लाखांवर गेली. त्यांपैकी सुमारे २७ लाख ९० हजार एकट्या महाराष्ट्रातील होते. राज्य शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या सूचीची दारे १९९० पर्यंत बंद राहिली. १९९० च्या दुरुस्तीने ती उघडली आणि पुढच्याच वर्षीच्या गणनेत ही माणसे पुन्हा त्या रकान्यात आली. माणसे तीच, वस्त्याही त्याच. बदलली ती सूचीची व्याख्या.

ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. प्रस्तुत लेखाचा आक्षेप वेगळा आहे. छापील खंडांत तक्त्याभोवती टिपा, प्रास्ताविके व व्याख्यांची पाने असत, आणि वाचणाऱ्याला ती ओलांडूनच आकड्यापर्यंत जावे लागे. तोच तक्ता संगणकीय स्वरूपात उतरवून घेतला, की उरतात फक्त ओळी आणि स्तंभ. तळटीप स्तंभात बसत नाही, म्हणून गणिताच्या सोयीसाठी ती पहिल्याच फटक्यात काढून टाकली जाते. मग वेगवेगळ्या दशकांचे तक्ते एकाखाली एक जोडले जातात आणि ‘अनुसूचित जाती’ या एकाच शीर्षकाखाली दोन भिन्न समूह सलग मांडले जातात. यंत्राला शीर्षक कळते, शीर्षकाचा अर्थ कळत नाही. अनुसूचित जमातींच्या आकड्यांतही असेच घडते. राज्यातील त्यांचे प्रमाण १९७१ मधील ५.८६ टक्क्यांवरून १९८१ मध्ये ९.१९ टक्के झाले, कारण १९७६ च्या कायद्याने सूचीतील क्षेत्रबंधने काढली गेली.

साक्षरतेच्या बाबतीत तर ही चूक दुहेरी होते. बौद्ध समाजाने शिक्षणाचा ध्यास घेतला होता. तो समाज १९९१ मध्ये अनुसूचित जातींच्या गणनेत आला, तेव्हा त्या समूहाचे साक्षरतेचे प्रमाण केवळ घटक बदलल्यामुळेही वर सरकणार होते. शिवाय त्याच जनगणनेपासून साक्षरता मोजताना सहा वर्षांपर्यंतची मुले वगळण्यात आली. म्हणजे मोजला जाणारा समूह बदलला आणि मोजण्याची पट्टीही बदलली. तरीही दोन दशकांतील फरक एखाद्या योजनेच्या नावावर जमा करणे सोपे असते. एका पिढीने उपासमार सोसून मुलांना शाळेत घातले, त्याचे श्रेय अशा रीतीने परस्पर दुसऱ्याच्या खात्यात जाते. आपल्या समाजाच्या इतिहासाशी या प्रश्नाचा जो संबंध आहे तो इथे आहे.

यावर कोणी म्हणेल, की संगणकच नको. हे म्हणणे आम्हाला मान्य नाही. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पालि वाङ्मय संगणकावर आणले, आणि केवळ देवनागरी जाणणाऱ्या अभ्यासकालाही संपूर्ण तिपिटकात एखादा शब्द शोधणे शक्य झाले. पूर्वी हे काम रोमन लिपीतील संहिता आणि मोठी ग्रंथालये जवळ असणाऱ्यांचेच होते. जनगणना कार्यालयानेही जुने खंड छायाप्रतींच्या रूपात खुले केले आहेत. हरवलेल्या तळटिपा त्यांत आहेत, पण त्या चित्ररूपाने आहेत. आकडे मोजणारी आज्ञावली त्या वाचत नाही आणि घाईत असलेला संशोधकही वाचत नाही.

आता २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणनेकडे वळू. कागदाऐवजी हातात धरावयाच्या यंत्रावर नोंद करणारी ही मोहीम होती. तिचे जातिविषयक आकडे प्रसिद्ध झाले नाहीत. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या याचिकेवर केंद्राने सर्वोच्च न्यायालयात जे शपथपत्र दिले त्यानुसार १९३१ मध्ये देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ च्या माहितीत जातींची नावे ४६ लाखांच्या वर गेली. महाराष्ट्रात अधिकृत सूच्यांतील जाती ४९४, तर नोंदलेली नावे ४,२८,६७७. स्पेलिंगमधील फरक, आडनावे, कुळे, पोटभेद, उच्चार, सर्व काही स्वतंत्र जात म्हणून साठवले गेले. यंत्र वेगवान होते, पण नावे कशी लिहावीत आणि कोणते नाव कशात मोडते याची पूर्वतयारी अपुरी होती. ही तयारी माणसांनी करावयाची असते. वेग वाढला म्हणून ती आपोआप होत नाही.

त्याच शपथपत्रात आणखी एक नोंद आहे. राज्यातील सुमारे १ कोटी १७ लाख लोकांपुढे ‘जात नाही’ असे लिहिले गेले होते. शासनाने ही माहिती सदोषतेच्या पुराव्यांत मांडली, आणि प्रगणकाचा आळस किंवा उत्तर टाळणे यांचा त्यात मोठा वाटा असणारच. परंतु ज्यांनी धम्मदीक्षा घेऊन जात नाकारली आणि प्रगणकाने विचारल्यावर तसेच उत्तर दिले, त्यांचे काय? त्यांचे उत्तर विचारपूर्वक होते. माहितीच्या साठ्यात मात्र ते रिकाम्या जागेशेजारी जाऊन बसले, आणि आता या दोहोंतील फरक कोणालाही सांगता येणार नाही.

२०११ च्या नियमित जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्ध सुमारे ६५ लाख ३१ हजार होते. त्यांपैकी सुमारे ५२ लाख अनुसूचित जातींत गणले गेले. उरलेल्या सुमारे १३ लाखांमध्ये इतर समाजांतून धम्मात आलेले आहेत, तसेच सूचीतील जातीचे नाव न सांगितलेलेही असणार. मिलिन्दपञ्हामध्ये भदन्त नागसेन रथाचा दृष्टान्त देऊन नाम ही केवळ पञ्ञत्ति, व्यवहारातील संज्ञा आहे, हे राजाला पटवून देतात. सूचीतील नावही संज्ञाच आहे. पण या संज्ञेवर शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि राखीव जागा अवलंबून असतात. म्हणून बौद्ध माणसाला धर्म एका रकान्यात आणि टाकून दिलेली जात दुसऱ्या रकान्यात लिहावी लागते. ही विसंगती त्याची नव्हे, ती त्याच्यावर लादलेली आहे. समाजशास्त्रज्ञाने दुसरा रकाना वाचून हे लोक अजून जात मानतात असा निष्कर्ष काढला, तर तो गणिताच्या दृष्टीने निर्दोष आणि वस्तुस्थितीच्या दृष्टीने खोटा असेल.

बाबासाहेबांना आकड्यांचे हे राजकारण चांगले ठाऊक होते. १९३२ च्या लोथियन समितीचे ते सदस्य होते. जागा लोकसंख्येवर ठरणार म्हटल्यावर अस्पृश्यांची संख्या कशी कमी दाखविली जाऊ लागली, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले व लिहून ठेवले. आकड्यांकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. आकडा कोणी, कोणत्या कसोटीवर आणि कशासाठी काढला, ते त्यांनी विचारले.

देशव्यापी जातिनिहाय गणनेचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला असून नोंदणी मोबाईल यंत्रावर करण्याचे योजिले आहे. बौद्ध कुटुंबाने जातीच्या रकान्यात काय सांगावे, यावर विहारांतून चर्चा होईलच. अभ्यासकांनी मागणी करावी ती दुसरीच : माणसाने उच्चारलेले मूळ उत्तर आणि कार्यालयाने त्याला दिलेला सांकेतांक, दोन्ही जपून ठेवावेत, ‘जात नाही’ असे सांगणारा आणि उत्तरच न देणारा यांना वेगळे सांकेतांक द्यावेत, आणि सूचीत केव्हा काय बदलले याची टीप संगणकीय तक्त्याच्या पहिल्याच ओळीत, आकड्यांच्या वर असावी.