नकार आणि अव्हेर

इंग्रजीतील 'रिप्युडिएट' हे क्रियापद मराठीत आणताना अनुवादक बहुधा 'नाकारणे' या शब्दावर भागवतो. 'रिफ्यूज', 'रिजेक्ट' आणि 'रिप्युडिएट' या तिन्ही शब्दांचे ओझे मग त्या एकाच क्रियापदावर पडते. वाक्य निभावते, पण अर्थ निसटतो. तो नेमका कोठे निसटतो, हे समजण्यासाठी या शब्दाचा पूर्वेतिहास पाहणे अगत्याचे आहे.

'रिजेक्ट' या शब्दाच्या मुळाशी मागे फेकण्याची क्रिया आहे. पुढे आलेली वस्तू परत टाकली, की त्या क्रियापदाचे कार्य संपले. संपादकाकडून 'साभार परत' आलेली कविता याच कोटीतली. तिच्याशी त्याचे पूर्वीचे काही नाते नसते. 'रिप्युडिएट'चे कूळ निराळे आहे. लॅटिनमधील 'रेपुदियुम' म्हणजे एका पक्षाने विवाहसंबंध तोडणे. प्राचीन रोममध्ये तो प्रथम पतीचा अधिकार होता. पुढे पत्नीलाही तो लाभला. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत रुळू लागला, तेव्हा पत्नीत्यागाचा अर्थ त्याच्याबरोबरच आला. कालांतराने कर्ज, करार, तह आणि मते यांनाही तो लावला जाऊ लागला. १८४० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतील मिसिसिपी राज्याने आपल्याच रोख्यांचे देणे आपल्यावर बंधनकारक नाही असे ठरवले. त्या प्रकरणानंतर हा शब्द सावकारी व्यवहारातही कुप्रसिद्ध झाला. या सर्व प्रयोगांत एक सूत्र आढळते. जे आपल्याशी बांधलेले आहे असे जग मानते, तेच 'रिप्युडिएट' करता येते. नकाराला आधी विचारणा लागते. या क्रियेला आधी बंधन लागते.

काही व्युत्पत्तिकार या शब्दाचा संबंध लॅटिनमधील 'पाय' या अर्थाच्या शब्दाशी जोडतात. म्हणजे मूळ कल्पना पायाने दूर लोटण्याची. जबलपूरच्या गढा भागात राहणाऱ्या मराठी माणसाला, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी बोलत असल्यामुळे, येथे 'ठुकराना' हा शब्द सहज आठवेल. त्यातही ठोकर आहे. परंतु ठोकर परक्यालाही मारता येते. नात्याची अट हिंदी शब्दात नाही.

मराठीत ही अट पाळणारा शब्द म्हणजे 'टाकणे'. 'टाकलेली बाई' हा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचे संस्कृत रूप 'परित्यक्ता'. मात्र या क्रियापदाचा कर्ता रूढीने पुरुषच ठरवला आहे. 'टाकलेला नवरा' असे आपण सहसा म्हणत नाही. 'काडीमोड' आणि 'घटस्फोट' हे शब्द घटना सांगतात, कर्ता सांगत नाहीत. शिवाय घटस्फोट हा धर्मशास्त्रात मुळात पतिताला बहिष्कृत करण्याचा विधी होता. नाते तोडणारी स्त्री दाखवणारे क्रियापद आपल्या नित्याच्या भाषेत घडलेच नाही.

ही उणीव केवळ कोशाची नव्हे, हे रखमाबाईंच्या खटल्यावरून दिसते. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने पतीच्या घरी नांदावयास जाण्याचे मान्य केले नाही. १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. जे सहजीवन कधी सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करावयाची, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. तो भाषेचाही प्रश्न होता. अपिलात निकाल फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जाण्याचा हुकूम केला. न गेल्यास सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाईंनी पतीला 'नकार दिला' असे लिहिण्याची प्रथा आहे. परंतु त्यांना विचारले होते कोणी? विचारणाच नव्हती, बंधन मात्र होते. अशा वेळी 'नकार' हा शब्द त्यांच्या कृतीला उणा पडतो, आणि नकळत असेही सुचवतो की कोणी तरी त्यांची संमती मागितली होती.

कायद्याने हा भेद उशिरा ओळखला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात, आणि १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात, बालपणी लग्न झालेल्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी ते लग्न 'रिप्युडिएट' करण्याचा आधार मिळाला. हिंदू कायद्यात तो पंधराव्या वर्षाच्या आत लग्न झालेल्या मुलीसाठी आहे. ज्या शब्दाने रोममधील पती पत्नीला घराबाहेर काढीत असे, त्याच शब्दाची कर्ती येथे मुलगी झाली. हे स्थित्यंतर 'नाकारणे' या अनुवादात पुसले जाते.

आमच्या मते येथे 'अव्हेरणे' हा शब्द योजावा. संतसाहित्यात भक्त देवाला 'अव्हेर करू नकोस' म्हणून विनवतो, ते देव आपला आहे या भरवशावर. नात्याची पूर्वअट शब्दातच आहे, आणि कर्त्याच्या लिंगाचे बंधन नाही. आक्षेप असा येईल की अव्हेरणारा नेहमी श्रेष्ठ आणि अव्हेरलेला दीन असतो. अल्पवयीन मुलीच्या तोंडी हा शब्द शोभेल काय? पण निर्णयाचा जो अधिकार तिला पूर्वी नव्हता तोच कायद्याने तिला दिला आहे. तेव्हा तो अधिकार ज्या शब्दात पूर्वीपासून वसत आहे, तो तिला देण्यास अनुवादकाने कचरू नये.