‘डाउनग्रेड’ : एका संज्ञेचा विचार

नवी ऑपरेटिंग सिस्टिम स्वीकारून काही दिवसांतच जुनीकडे परतणाऱ्यांच्या कृतीला संगणकव्यवहारात ‘डाउनग्रेड’ असे नाव आहे. ही संज्ञा वर्णन करण्याआधीच निवाडा देऊन मोकळी होते. नवे ते वरचे, जुने ते खालचे, आणि परतणारा उतरणीस लागलेला, हे सारे तीत गृहीत आहे. विशेष असे की, व्हिस्टाच्या बिझनेस व अल्टिमेट ह्या आवृत्त्यांच्या परवान्यात एक्सपीकडे परतण्याचा जो हक्क होता, त्यासही मायक्रोसॉफ्टने हेच नाव दिले. विक्रेत्यानेच दिलेला हक्क, आणि तोही अधोगतीचा !

परतणाऱ्यास गतानुगतिक ठरविणारे टीकाकार भिन्न घटनांना एकच माप लावतात. २००७ साली व्हिस्टावरून मागे फिरलेल्यांची तक्रार मुख्यतः यंत्रविषयक होती : जुने प्रिंटर चालेनात, मेमरी अपुरी पडे, पदोपदी अनुमती विचारणारी चौकट पुढे येई. ह्यात भाषाभ्यासकाने शोधावे असे फारसे नाही. २०१२ सालच्या विंडोज ८ ची गोष्ट निराळी. यंत्राकडून तिची अपेक्षा विंडोज ७ हून फारशी अधिक नव्हती. तरीही पुष्कळ जण विंडोज ७ कडे परतले. तिने एक चिन्ह काढून टाकले होते.

डाव्या कोपऱ्यातील ‘स्टार्ट’ हे बटन १९९५ पासूनचे. यंत्र बंद करावयासही ‘स्टार्ट’च दाबावे लागते, हा विनोद जुना आहे, परंतु विनोद करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानी आली नाही. शब्दाचा कोशगत अर्थ केव्हाच झिजून गेला होता आणि उरले होते ते एका जागेचे विशेषनाम. म्हणूनच व्हिस्टाने अक्षरे गाळून नुसती वाटोळी मुद्रा ठेवली, तेव्हा फारसे कोणाचे अडले नाही. विंडोज ८ ने ती जागाच पुसली, आणि यंत्र बंद करण्याची सोय उजव्या कडेतून सरकत येणाऱ्या पट्टीत, ‘सेटिंग्ज’च्या पोटात नेऊन ठेवली.

चिन्ह यादृच्छिक असते आणि त्याच कारणाने ते कोणा एकास स्वेच्छेने बदलता येत नाही, असे सोस्यूरचे प्रतिपादन आहे. भाषेला मालक नसतो, संगणकाच्या पडद्याला असतो, हा आक्षेप येथे खराच. तथापि सतरा वर्षांच्या वहिवाटीने चिन्ह वापरणाऱ्यांचे होऊन बसते, हे त्या मालकालाही मानावे लागले. २०१३ साली ८.१ मध्ये बटन परत आले. त्यामागची यादी मात्र २०१५ साली, विंडोज १० बरोबर आली.

परतीची मुदत मात्र आखडत गेली. विंडोज १० ने आरंभी एक महिना दिला होता. २०१६ साली त्याचे १० दिवस झाले, आणि २०२१ च्या विंडोज ११ नेही सामान्यतः तेवढेच ठेवले. दहा दिवसांत जाणवतो तो अपरिचय. त्याखाली खरोखर काही हरपले आहे काय, हे कळण्यास सराव व्हावा लागतो. आणि तो होईपर्यंत मुदत संपलेली असते. त्यानंतर परतावयाचे, तर जुनी प्रणाली पुन्हा मुळापासून बसवावी लागते.