सुरक्षित घर की सुरक्षित गाव? : किल्लारी पुनर्वसनाचे टीकात्मक परीक्षण

प्रस्तावना :
इजा व अपघाती मृत्यू दैवाधीन असतात, ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. अमेरिकन वैद्यक विल्यम हॅडन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला शास्त्रीय छेद दिला. व्यक्ती, इजा करणारी ऊर्जा आणि परिसर या घटकांचा घटनेपूर्वी, घटनेच्या वेळी व घटनेनंतर असा विचार केल्यास इजा टाळता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कसोटीवर ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरचे पुनर्वसन तपासणे उद्बोधक ठरते.

इजेचे खरे कारण :
सुमारे ६.२ तीव्रतेच्या या भूकंपात लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे पहाटेच्या झोपेतच दगावली. त्यांचा जीव घेतला तो भिंतींनी व छतांनी. दगड-मातीच्या जाड भिंतींचे आतील व बाहेरील थर जोडदगडांनी बांधलेले नव्हते. हादऱ्याने ते विलग झाले. माळवदावर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीचे ओझे त्यात भर घालणारे ठरले. उलट, लाकडी खांब व तुळया यांचा सांगाडा अनेक घरांत उभा राहिला. परंपरा सरसकट सदोष नव्हती. तिच्यातील काही दुवे निखळले होते.

पुनर्वसनाचे दोन मार्ग :
जागतिक बँकेच्या साहाय्याने शासनाने ५२ गावे नव्या जागी वसविली. तेथील घरे भूकंपरोधक झाली, हे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र सरळ रेषेतील रुंद रस्ते व विखुरलेले भूखंड यांमुळे गल्ली, पार, शेजार ही गावाची वीण उसवली. पुढे कुटुंबे वाढली तेव्हा मूळ घराला लागून तांत्रिक मार्गदर्शनाविना नवी बांधकामे झाली. घर मिळाले, पण ते सुरक्षित का आहे याचे ज्ञान घरमालकाकडे पोहोचले नाही.

दुसरा मार्ग जुन्या जागीच घरांच्या दुरुस्तीचा व मजबुतीकरणाचा होता. येथे घरमालक स्वतः बांधकामात उतरला. गावोगावच्या महिलांनी ‘संवाद सहायक’ म्हणून शासन व ग्रामस्थ यांच्यातील दुवा सांभाळला. जोडदगड बसविणे, भिंतींना पट्टे बांधणे, माळवदावरील माती कमी करणे ही कामे गवंड्याच्या आवाक्यातील होती. या मार्गाला मात्र स्थलांतराइतकी प्रतिष्ठा मिळाली नाही, हे धोरणाचे मोठे वैगुण्य होय.

निष्कर्ष :
२१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात केंद्र असलेल्या भूकंपाचे धक्के नांदेड जिल्ह्यातही जाणवले. त्यामुळे धर्माबादसारख्या तालुक्यात जेथे माळवदाची घरे आजही वापरात आहेत, तेथे हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. आपत्तीनंतर गाव हलविण्यापेक्षा आपत्तीपूर्वी भिंत बांधून घेणे कमी खर्चाचे व अधिक टिकाऊ आहे. गवंड्यांचे प्रशिक्षण, ग्रामपंचायतींकडून जुन्या घरांची पाहणी आणि महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून प्रबोधन हे त्याचे साधे टप्पे होत. सुरक्षितता बाहेरून बांधून देता येत नाही. ती गावाच्या हातात असावी लागते, हाच किल्लारीचा धडा आहे.