राजवाडे यांची ज्ञानेश्वरीची प्रत : संग्राहकाचे उत्तरदायित्व

हस्तलिखित शोधून व छापून काढले म्हणजे संग्राहकाचे कार्य संपते काय, हा प्रश्न इतिहासाचार्य वि. का. राजवाडे (१८६३–१९२६) यांच्या ज्ञानेश्वरीच्या प्रतीने मराठी पाठचिकित्सेपुढे ठेवला आहे. भूम तालुक्याला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात, खुद्द बीड येथे, ही पोथी त्यांना मिळाली. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये केलेल्या शुद्धीकरणाच्या पूर्वीची ही संहिता होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९०९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली व तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. परंतु मूळ पोथी आज उपलब्ध नाही.

ही हानी केवळ भावनिक नव्हे. एखादे आर्ष रूप मूळ लेखकाचे, नकलकाराचे की संपादकाच्या वाचनातून आलेले, याचा निर्णय अक्षरवळण, कागद व खाडाखोड पाहूनच करता येतो. ते साधन नाहीसे झाल्यामुळे प्रत्येक वाद अखेरीस राजवाडे यांच्यावरील विश्वासाशी येऊन थांबतो.

या संदर्भात सतराव्या शतकातील इंग्रज संग्राहक सर रॉबर्ट कॉटन (१५७१–१६३१) यांचे उदाहरण उद्बोधक आहे. वेगवेगळ्या पोथ्या एकत्र बांधण्याचा दोष त्यांच्याकडेही जातो. तथापि त्यांचा संग्रह पुढे राष्ट्राच्या स्वाधीन झाला. १७३१ च्या आगीत ‘बेओवुल्फ’ची पाने कडांना होरपळली, तरीही ते हस्तलिखित आजचा अभ्यासक पुन्हा तपासू शकतो. पाठचिकित्सेच्या दृष्टीने निर्दोष छापील संहितेपेक्षा जळकी मूळ प्रत अधिक मोलाची ठरते, ती याच कारणाने.

राजवाडे यांची थोरवी यामुळे उणावत नाही. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड त्यांनी सिद्ध केले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करून अस्सल कागदांना कायमचे घर मिळवून दिले. बखरींहून अस्सल कागद श्रेष्ठ, हा दंडक मराठी इतिहाससंशोधनात त्यांनीच रुजविला. त्यांच्या ज्ञानेश्वरीची परीक्षा त्याच दंडकाने होणे न्याय्य आहे, आणि त्या परीक्षेत १९०९ ची संहिता बहुमोल साक्ष ठरते, अंतिम पुरावा नव्हे. मराठवाड्यातील मठांत व घरांत अद्याप असलेल्या पोथ्यांचे संपादन करू इच्छिणाऱ्याने मूळ प्रतीच्या जतनाची व्यवस्था आधी करावी, हाच त्याचा निष्कर्ष होय.